शहानूरच्या पाण्यावर विमान उतरेल का?

दोस्तांनो, अमरावती जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. वरच्या बाजूला सातपुड्याची रांग दिसेल. मेळघाटाचे डोंगर जिथे संपतात आणि सपाट काळी जमीन सुरू होते, तिथे अंजनगाव सुर्जी आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव तुम्ही उलटं वाचलं असेल : सुर्जी-अंजनगावचा तह. १५ डिसेंबर १८०३ ला गाविलगड इंग्रजांच्या हाती गेला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांशी तह झाला. परीक्षेला तेवढं पुरे! आज आपण तहासाठी आलेलो नाही, विमानासाठी आलो आहोत.

हसलात ना? अंजनगावात कुठलं आलंय विमान! खरंच आहे. जिल्ह्याचा विमानतळ अमरावतीजवळ बेलोऱ्याला. तिथून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली ती १६ एप्रिल २०२५ ला, आणि त्यासाठी १८५० मीटर लांबीची धावपट्टी करावी लागली. एवढी जमीन प्रत्येक तालुक्याला कुठून आणायची? पण जगात काही विमानं अशी आहेत की त्यांना धावपट्टी लागतच नाही. नदीतली वाळू चालते, बर्फ चालतो, तळं तर फारच चालतं. अशी विमानं आपल्याकडे आली तर कुठे उतरतील, हे शोधायला आज निघायचंय.

आधी गाव बघून घेऊ. गावाबाहेर पडलात की केळीच्या बागा दिसतील, संत्र्याची झाडं दिसतील आणि पानपिंपरीचे मळे दिसतील. पानपिंपरी म्हणजे नागवेलीची चुलत बहीणच. तिची वाळलेली फळं आयुर्वेदाच्या औषधात पडतात. गावाला रेल्वेही होती. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी इथून जायची, तीच आपली 'शकुंतला'. १९९४ साली शकुंतलेचं वाफेचं इंजिन काढून तिला डिझेलचं जोडलं. गाडी जुनी, इंजिन नवं! ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गावातून वाहते शहानूर नदी. तिच्या काठाने मनाने उत्तरेला चला. डोंगर जवळ येतात आणि पायथ्याशी शहानूरचं धरण लागतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला सातपुडा, मध्ये पाणी. विमानाच्या वेडाने पछाडलेल्या कोणत्याही मुलाच्या मनात इथे एकच प्रश्न येईल : यावर उतरता येईल का हो?

वऱ्हाडासारख्या कोरड्या मुलखात पाण्यावरचं विमान ही कल्पना वेडगळ वाटते खरी. पण राजस्थान काय कमी कोरडा आहे? मेवाडात महाराणा राजसिंहाने सतराव्या शतकात राजसमंद नावाचा प्रचंड तलाव बांधला. दुष्काळात लोकांना काम मिळावं हाही त्यामागचा हेतू होता. १९३८ च्या सुमारास याच तलावावर इंग्लंडहून आलेली 'उडती नाव' उतरू लागली! इम्पीरियल एअरवेजची ही चार इंजिनांची विमानं कराचीहून निघायची, राजसमंदला टेकायची, मग ग्वाल्हेर, अलाहाबाद आणि शेवटी कलकत्ता. साधारण १८ टनांचं धूड. त्याचं पोटच नावेसारखं होतं. कुठल्याही राजाने तलाव बांधताना याचा विचार केला नसणार, पण मोठ्या विमानांसाठी पक्क्या धावपट्ट्या जगात अजून थोड्याच होत्या आणि तलाव मात्र तयार होते.

उडत्या नावेचा एक धाकटा भाऊ आहे. साधं, चाकांवर चालणारं विमान घ्यायचं, चाकं काढायची आणि त्याजागी दोन लांबट पोकळ होड्या बसवायच्या. त्यांना फ्लोट म्हणतात. ऐकायला सोपं, नाही? करायला मात्र भारी अवघड. हे दोन फ्लोट मिळून विमानाच्या वजनाच्या जवळजवळ पावणेदोन-दोन पट भार तोलू शकतील एवढे मोठे असावे लागतात. शिवाय आतून त्यांचे कप्पे केलेले असतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे तरंगत ठेवतात. तरीही थोडं पाणी झिरपतंच, म्हणून रोज सकाळी वैमानिक हातपंप घेऊन एकेक कप्पा उपसतो. सायकलमध्ये हवा भरतो ना आपण, त्याच्या अगदी उलटं काम!

आता गंमत पाहा. फ्लोटच्या तळाला मधोमध एक पायरी असते. कशाला? ओली ताटली ओट्यावर चिकटून बसते, उचलता उचलत नाही, हे तुम्ही पाहिलंय. गुळगुळीत तळ पाण्याला तसाच चिकटतो. पायरीमुळे मागचा भाग पाण्यापासून सुटतो, मधे हवा शिरते आणि विमान पाण्यावरून घसरू लागतं. चपटी खापरी आपण तळ्यावर तिरपी मारतो तेव्हा ती बुडत नाही, टप्पे घेत पळते. तसंच. वेग वाढला की मग उड्डाण.

फ्लोट बसवले की बाकीचं विमानही बदलावं लागतं. पुढे एवढा पसारा आला की वारा बाजूने ढकलतो, म्हणून बऱ्याच विमानांच्या शेपटीखाली जादा पर लावतात. पाण्यात वळण्यासाठी फ्लोटच्या मागे छोटी सुकाणूं लावतात. आणि ब्रेक? ब्रेक नसतातच! इंजिन बंद केलं तरी वारा नेईल तिकडे विमान जातं. सगळ्यात घातक काय असेल, सांगा पाहू? वादळ? लाटा? त्या तर वाईटच. पण आरशासारखं शांत पाणी तितकंच फसवं असतं. पाणी इतकं स्थिर की त्यात आभाळ दिसतं, आणि आपण किती उंचावर आहोत हे वैमानिकाला कळतच नाही. किंचित तरंग असलेलं पाणी त्याला जास्त आवडतं.

कॅनडा आणि अलास्कात रानावनात उडणाऱ्या वैमानिकांनी तर विमानांचं रूपच पालटून टाकलंय. आपल्याकडे एकाच ट्रॅक्टरला कधी नांगर, कधी ट्रॉली जोडतात; तिकडे एकाच विमानाला उन्हाळ्यात फ्लोट, हिवाळ्यात बर्फावरच्या घसरपट्ट्या आणि नदीच्या वाळूत उतरायला फुगे वाटावेत असे जाडजूड टायर. टायरमध्ये हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे गोट्यांवरून उड्या न मारता ते चेपत जातात. पंखांवर बोटभर उंचीचे पत्र्याचे तुकडे ओळीने चिकटवतात. त्यांनी हवा घुसळली जाते, पंखाला धरून राहते आणि विमान अगदी हळू उडालं तरी पडत नाही. हळू उडता आलं की थोड्या जागेत उतरता येतं. सगळी मेख तिथेच आहे.

या रानविमानांचा राजा म्हणजे 'बीव्हर'. त्याचं पहिलं उड्डाण १६ ऑगस्ट १९४७ ला झालं, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी. ते आखताना कंपनीने आधी रानात उडणाऱ्या वैमानिकांनाच विचारलं, तुम्हाला काय हवं? उत्तरं अगदी व्यवहारी होती. दार एवढं रुंद हवं की तेलाचं पिंप लोळवत आत नेता यावं. इंजिनात तेल ओतायचं तोंड वैमानिकाच्या खोलीतच हवं, म्हणजे बर्फात बाहेर जायला नको. अशी १६०० हून जास्त विमानं बनली आणि त्यातली कितीतरी अजून उडतात. १० डिसेंबर २०१९ ला तर कॅनडातल्या एका ६२ वर्षांच्या बीव्हरला चक्क विजेची मोटर बसवून नदीवरून उडवलं! शकुंतला आठवली ना? याच बीव्हरचा थोरला भाऊ 'ऑटर' आपल्या हवाई दलातही होता.

आपल्याकडे काय झालं? २०१७ मध्ये चाचण्या झाल्या. पहिल्या टप्प्यात नागपूर आणि गुवाहाटीला, मग ९ डिसेंबरला मुंबईत गिरगाव चौपाटीसमोर. पुढे ३१ ऑक्टोबर २०२० ला अहमदाबादच्या साबरमतीवरून केवडियाला सेवा सुरू झाली. मालदीवहून आणलेलं ते 'ट्विन ऑटर' विमान १९७१ सालचं होतं, तुमच्या आईबाबांहूनही मोठं असेल कदाचित! पण एप्रिल २०२१ मध्ये ती सेवा थांबली. खर्चाचं गणित काही जमलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत सरकारने पुढच्या जागांची यादी सांगितली होती, तिच्यात विदर्भातली दोन धरणं होती : नागपूरजवळचं खिंडसी आणि चंद्रपूरचं इरई. शहानूर नव्हतं.

नव्हतं तेच बरं, असं मला वाटतं. विमानाचं वेड मलाही आहे, तरी सांगतो. केवडियाच्या तळ्यात मगरी होत्या. विमानासाठी जानेवारी २०१९ मध्ये त्यांना पिंजऱ्यात धरून दुसरीकडे न्यायला सुरुवात झाली. केरळात २०१३ साली अष्टमुडी तलावावर थाटात उद्घाटन झालं, पण पलीकडे आलप्पुळ्याला कोळी बांधवांनी विरोध केला आणि विमान तिथे उतरूच शकलं नाही. आमची जाळी, आमचे मासे, त्यांचं काय? प्रश्न रास्तच होता. २०२४ च्या नोव्हेंबरात मुन्नारजवळच्या माट्टुपेट्टी धरणावर चाचणी झाली, तेव्हा वनखात्याने पाण्यावर येणाऱ्या हत्तींचा मुद्दा काढला.

उलटीही गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावावर 'कॅटालिना' नावाची उडती विमानं दुरुस्तीला उतरायची. विमानांनी तो तलाव बिघडवला नाही. शहराच्या सांडपाण्याने बिघडवला. २०१७ पर्यंत तो इतका घाण झाला की त्याच्यावर फेस तरंगायचा आणि आगसुद्धा लागायची. पाण्याला आग!

आता शहानूरकडे पाहा. अंजनगाव-दर्यापूरचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं खारट की धड पिता येत नाही आणि पिकालाही चालत नाही. अशा गावांच्या नळाला गोडं पाणी येतं ते या धरणाचं. डोंगराच्या बाजूला मेळघाटाचं जंगल, तिथली जनावरं. म्हणजे या पाण्यावर आधीच किती जणांचं नाव लिहिलेलं आहे, मोजा.

तरीसुद्धा वैमानिकाच्या नजरेने हे धरण एकदा बघाच. कागद-पेन्सिल घेऊन जा. ट्विन ऑटरसारख्या विमानाला उतरायला किलोमीटरभर तरी मोकळं पाणी हवं, असं धरून चला. ऑक्टोबरात तेवढं दिसतं का? आणि मे महिन्यात, पाणी खाली गेल्यावर? वारा डोंगरावरून येतो की गावाकडून? विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, तेव्हा तुमची 'धावपट्टी' कुठून कुठे आखाल? पाण्यातून वर आलेली खोडं, विजेच्या तारा, हिवाळ्यात पाखरांचे थवे कुठे बसतात, तेही टिपा. जाळं टाकणारं कुणी भेटलं तर त्यांनाही विचारा. पाण्याखाली काय दडलंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आणि एकटेदुकटे जाऊ नका बरं का, घरातलं कुणी मोठं माणूस बरोबर घ्या.