अकोल्याच्या डोंगरांतील पाहुणचार

भंडारदरा म्हटलें म्हणजे आमच्या शहरी मंडळींस धरण, रंध्याचा धबधबा आणि पावसाळी ढग एवढेंच आठवतें. परंतु अकोलें तालुक्याचा हा पश्चिमेकडील मुलूख मुख्यतः महादेव कोळी व ठाकर यांचा आहे, ही गोष्ट पुष्कळ प्रवाशांच्या ध्यानांतहि येत नाहीं. महाराष्ट्राचें सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) याच तालुक्याच्या सीमेवर उभें आहे; इंग्रजांविरुद्ध बंड करून १८४८ सालीं ठाण्यास फांशी गेलेले राघोजी भांगरे याच मातींतले. प्रवरेवरील धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि त्याच्या कालव्यांवर श्रीरामपूर-लोणीकडचा ऊस पिकला. धरणाच्या वरच्या गांवांस मात्र पावसावरचें भात, नाचणी, वरई, रानांतला हिरडा आणि सुगी संपतांच जुन्नर-संगमनेराकडील बागायतींत मजुरी, एवढाच आधार राहिला.

अशा ठिकाणीं पाहुण्यास घरीं उतरवून चार पैसे मिळविण्याचा उद्योग पुरुषवाडी या गांवानें या शतकाच्या पहिल्या दशकांत आरंभिला. ग्रासरूट्स नांवाच्या संस्थेचें त्यास साह्य झालें. या उद्योगांतील खरी कल्पकता कशांत आहे, असें आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही 'पाळींत' असें उत्तर देऊं. पाहुणे आले म्हणजे ते कोणाच्या घरीं जेवावयाचे व वाटाड्या कोण, हें पाळीनें ठरतें. त्यामुळें रस्त्यालगतचें एकच घर श्रीमंत व बाकीचीं कोरडीं, असें होत नाहीं. भांडवल म्हणावें तर सारवलेली ओसरी, गरम भाकरी, पिठलें आणि ठेचा. नवी गोष्ट एकच शिकावी लागते, ती म्हणजे परक्याला रुचेल अशी नीटनेटकी व्यवस्था.

दूर बोर्निओ बेटांतील दायाक लोकांचा रिवाजहि असाच आहे. त्यांच्या लांबघरांत प्रत्येक कुटुंबाची खोली निराळी, पण ओसरी सर्वांची एक. तेथें बसलेला पाहुणा साऱ्या घराचा. अलीकडे तेहि प्रवाशांस उतरवून घेतात. जेथें ओसरी सामाईक, तेथें मिळकतहि वांटली जाण्याची आशा अधिक.

परंतु या उद्योगास एक धोका आहे, आणि तो त्याच्या यशांतूनच उपजला आहे. मेअखेरीपासून पाऊस जोर धरीपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर काजवे लखलखतात. तें लुकलुकणें म्हणजे नरानें मादीस घातलेली साद होय. मोटारींच्या व विजेऱ्यांच्या झोतांत ती साद बुडून जाते. त्यांच्या अळ्या ओल्या मातींत, पाल्यापाचोळ्याखालीं वाढतात. तेथें शेंकडों पावलें पडलीं तर पुढल्या वर्षीं झाड काळेंच राहावयाचें. १९८६ सालीं घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत वनखात्यास अलीकडे रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध घालावे लागले, ते उगीच नव्हेत. म्हणून किती मोटारी आल्या यावर या धंद्याची भरभराट मोजूं नये. किती घरांची मजुरीची वाट चुकली आणि किती झाडें अजून उजळतात, यावर ती मोजावी.

काजव्यांचे तीन-चार आठवडे सरल्यावर काय, हा प्रश्न उरतो. त्याचें उत्तर याच तालुक्यांतील कोंभाळणें गांवीं आहे. राहीबाई पोपेरे यांनीं घराघरांतून लोपत चाललेलें गावरान बीं जमवून जपलें व त्याबद्दल त्यांस २०२० सालची पद्मश्री मिळाली. आजीनें मडक्यांत राखलेलें बीं हेंहि पाहण्याजोगें वैभव आहे. श्रावणाआधींची भाताची आवणी, दिवाळीच्या सुमाराची कापणी, चुलीवरची रानभाजी, यांसाठींहि पाहुणा येऊं शकतो आणि त्यानें कोणाचा अंधार हिरावला जात नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं जे कोणी तिकडे जातील त्यांनीं गर्दीचा शनिवार टाळावा, विजेरी पिशवींत ठेवावी, यजमानीणबाईंनीं वाढलेलें आनंदानें खावें आणि ठरलेल्या पैशांत घासाघीस करूं नये. दुसऱ्याच्या घरीं उतरणारानें एवढी रीत पाळली, तर यजमानाचें घर आणि रान दोन्हीं टिकतील.