मनाची राखण

मनाला उपदेश करणें मराठी वाचकास नवें नाहीं. समर्थांचे २०५ मनाचे श्लोक ज्या घरांत पाठ नसतील, तेथेंही त्यांचा सूर कानांवरून गेलेला असतो. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांतही मनाशीं बोलण्याची रीत बहुधा तेथूनच आली असावी. परंतु उपदेश निराळा आणि राखण निराळी. उपास धरतां येतो, जिभेला आळा घालतां येतो. विचार मात्र परवानगी मागून आंत येत नाहीं.

चौथ्या शतकांत इव्हाग्रियस नांवाच्या एका विद्वानानें याच प्रश्नाचा ध्यास घेतला. कॉन्स्टँटिनोपल राजधानींतील मानमान्यता सोडून तो मिसर देशाच्या वाळवंटांत जाऊन राहिला, व इ. स. ३९९ मध्यें तेथेंच वारला. माणसास छळणारे विचार त्यानें आठ सांगितले. पुढें पश्चिमेकडील मंडळींत त्यांचींच सात महापातकें झालीं. त्याचें म्हणणें असें कीं, विचार मनांत यावा कीं न यावा हें आपल्या हातीं नाहीं. त्याला मुक्कामास ठेवावें कीं नाहीं, हें मात्र आहे. वाईट कल्पना नुसती चमकून गेली एवढ्यावरून स्वतःस पतित ठरविणारीं सात्त्विक माणसें आमच्या समाजांत थोडीं नाहींत. त्यांच्या उरावरचा धोंडा यानें उतरावा.

पण खरी खोंच पुढें आहे. रागाविषयीं तो लिहितो कीं, हा विचार विशेषेंकरून प्रार्थनेच्या वेळीं मनाला पकडतो, व ज्यानें दुखविलें त्याचा चेहरा डोळ्यांपुढें आणून उभा करतो. सोळाशें वर्षांपूर्वींचें हें निरीक्षण वाचून मी चकित झालों; कारण ज्या गृहस्थांशीं सामाईक भिंतीवरून आमचा बारा वर्षें अबोला आहे, ते दर रविवारीं उपासनेंत माझ्या पुढच्याच बांकावर बसतात. प्रभूच्या प्रार्थनेंतील क्षमेची मागणी आली कीं मला त्यांची मान दिसते. डोळे मिटले तरी दिसते.

असा विचार हांकलला तर दुप्पट जोरानें परततो. झाडून रिकाम्या ठेवलेल्या घराचा दृष्टांत येथें आठवतो. एक अशुद्ध आत्मा गेला आणि आणखी सात घेऊन आला. म्हणूनच पौल बंदिवासांतून फिलिप्पैकरांस लिहितांना, मनन कशाचें करावें याची यादीच देतो. इव्हाग्रियसनेंही आठ विचारांसाठीं आठ भाग करून, प्रत्येकास उत्तर देणारीं शेंकडों शास्त्रवचनें निवडून ठेविलीं.

तथापि रागाकरितां त्यानें सुचविलेला एक उपाय वचनांचा नाहीं, ताटाचा आहे. चारशें माणसें घेऊन येणाऱ्या एसावास याकोबानें भेटी पाठवून शांत केलें. आपण गरीब, भेटी कोठून आणणार, तेव्हां आपण जेवूं घालावें, असा त्याचा सल्ला. विचारांना शिस्त मनाच्या आंतच लावावयाची असते, असें मानणारांना हें विचित्र वाटेल. मला तें पटतें. मनांतला चेहरा मनांतल्या मनांत पुसूं गेल्यास अधिकच ठळक होतो. समोर बसून आमटी भुरकणारा मनुष्य त्याच्याशीं फारसा जुळत नाहीं.

आमच्या घरीं नाताळचा फराळ शेजारीं वाटण्याची चाल आहे. यंदाच्या यादींत आमच्या मंडळींनीं, मला न विचारतां, तें एक नांव घातलें आहे. ताट घेऊन कोणीं जावें, याचा निकाल अजून लागलेला नाहीं.