फक्कीचे घर

लहानपणी तुम्ही कागदावर घर नक्कीच काढले असेल. एक दार, दोन खिडक्या, वर उतरते छप्पर आणि बाजूला नारळाचे झाड. चित्रातले घर समोरून दिसते. बांधायच्या घराचा नकाशा मात्र वरून पाहायचा असतो, जणू छप्पर उचलून बाजूला ठेवले आहे. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत आपण नक्शा म्हणतो, मराठीत त्याचा नकाशा झाला.

आमचे गाव मालवणजवळ आहे. जुने घर कौलारू, मातीच्या भिंतींचे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले, तेव्हा त्याची बरीच कौले उडाली आणि मागची भिंत भिजून फुगली. डागडुजी करून आम्ही दोन पावसाळे काढले. मग त्याच आवारात नवे घर बांधायचे ठरले. निम्मे पैसे माझे, निम्मे कुवेतला नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाचे.

मी वर्गात भूमिती शिकवतो. तेव्हा नकाशाचा कच्चा आराखडा आपणच काढावा असे मला वाटले. आलेखाच्या कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे दोन फूट असे प्रमाण धरले. पुढे पडवी, आत मोठे दालन, मागे स्वयंपाकघर आणि तीन खोल्या. एक अब्बा-अम्मीची, एक माझ्या कुटुंबाची, एक भावाची. इंजिनिअरकडे जाण्यापूर्वी चार माणसांना दाखवावा, म्हणून तो घेऊन निघालो. खरे सांगायचे तर मला सल्ला नको होता, शाबासकी हवी होती.

प्रथम मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी कागद दोनतीनदा फिरवला आणि मालवणीत विचारले, "मास्तरांनू, कागद बरो आसा. पण पाऊस खंयसून येता, ता हेच्यात खंय दिसता?" पाऊस कुठून येतो, ते यात कुठे दिसते? मी नकाशावर उत्तर दिशाच दाखवली नव्हती! आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि वारा नैर्ऋत्येचा. मी स्वयंपाकघराचे दार नेमके त्याच कोपऱ्यात ठेवले होते. पावसाळाभर अम्मीने पाण्यात उभे राहून भाकऱ्या केल्या असत्या.

दुसरी चूक तर गणिताच्या शिक्षकाला लाजवणारी होती. कागदावर भिंत म्हणजे एक रेघ. पण आपल्याकडे भिंत चिऱ्यांची असते. चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा घडवलेला ठोकळा. हा दगड खाणीत मऊ असतो, म्हणून तो कापता येतो, आणि हवा लागली की टणक होतो. फ्रान्सिस बुकनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने 1807 साली केरळातल्या अशा दगडाला लॅटराइट हे नाव दिले. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे वीट. अशी भिंत नऊ इंच जाड धरली, तर समोरासमोरच्या दोन भिंती दीड फूट जागा खातात. माझी दहा फुटांची खोली आतून साडेआठ फुटांचीच उरत होती.

असरच्या नमाजानंतर अब्बांनी चष्मा लावून नकाशा पाहिला. त्यांनी बोट ठेवले ते संडासावर. मालवणहून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. मी काढलेली बैठक सरळ किब्ल्याकडे तोंड करून होती. ती फिरवली. मग त्यांनी विचारले, "आणि याचा खड्डा विहिरीपासून किती लांब?" जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी भराभर झिरपते. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला येत होता. तो उताराच्या खालच्या बाजूला, दूर नेला. अब्बा म्हणाले, "सिंधुदुर्ग किल्ला पाहा. चारी बाजूंनी समुद्र, पण आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आधी पाणी, मग भिंती."

अम्मीने तर कागद हातातच घेतला नाही. "मला रेघांमधलं काही समजत नाही. मला घरात उभी करून दाखव," ती म्हणाली.

मिस्त्रीकाकांना हे फार पटले. दुसऱ्या दिवशी ते दोरी, खुंट्या आणि फक्की घेऊन आले. खेळाच्या मैदानावर आपण मारतो तीच पांढरी फक्की. दुपारपर्यंत आमच्या आवारात सगळे घर जमिनीवर उमटले. दारांच्या जागी रेघ मोकळी सोडली होती. अम्मी भरलेली कळशी घेऊन विहिरीपासून निघाली आणि पडवी, दालन असा वळसा घालून स्वयंपाकघरात पोहोचली. कळशी खाली ठेवून तिने माझ्याकडे नुसते पाहिले. मागच्या बाजूला आणखी एक दार तिथेच नक्की झाले.

तिच्यामागून फूफी आली. फूफी म्हणजे अब्बांची विधवा बहीण. गेली वीस वर्षे ती आमच्याकडे राहते. जुन्या घरात ती माजघरात झोपते. ती एकेका खोलीत गेली, थोडी थांबली, बाहेर आली. शेवटी दालनाच्या मध्यभागी उभी राहून तिने सहज विचारले, "आणि माझी चटई कुठे?"

कोणीच काही बोलले नाही. माजघराचे मी दालन केले होते. नव्या घरात पाहुण्यांसाठी जागा होती, शिलाई मशीनसाठी होती, फूफीसाठी नव्हती. आणि ते माझ्याच काय, कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

रात्री भावाला फोन केला. पैसे त्याचेही होते, म्हणून शब्द जुळवत बोलत होतो. क्षणभर तो गप्प राहिला. मग म्हणाला, "भाईजान, मी वर्षातून एक महिना येतो. माझी खोली फूफीला द्या. मी पडवीत झोपेन. फक्त तिथे पंख्याची सोय ठेवा."

सकाळी उठून पाहतो, तर फूफी त्या फक्कीच्या खोलीत चटई टाकून चिंचा फोडत बसली होती. माझी मुलगी रेघ ओलांडून तिच्याकडे धावली. फूफीने तिला तिथेच थांबवले आणि दाराच्या मोकळ्या जागेकडे बोट करून म्हणाली, "तिकडून ये. ती भिंत आहे."