माजघरातला सर्व्हर

शहापूरच्या आमच्या घरी रोजकीर्दीची सात पुस्तकं आहेत. आजोबांचा साड्यांचा व्यापार होता. पहिली दोन पुस्तकं मोडीत आहेत, शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हाची. पुढची मुंबई राज्यातली, आणि शेवटची १९५६ नंतरची, म्हणजे म्हैसूर राज्यातली. दुकान हललं नाही, सरकारं बदलत गेली. पानांना आता कसर लागली आहे, म्हणून ती स्कॅन करायला घेतली आणि प्रश्न आला, ठेवायची कुठे?

हा प्रश्न मी उगाच मोठा करत नव्हतो. २०१९च्या ऑगस्टात बेळगावात पाऊस कोसळत होता, दिवसातून दहादा करंट जात-येत होता, आणि टेबलावरच्या एक टीबीच्या डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला. डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे नेली. फोटो बरेचसे मिळाले. आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग मिळालं नाही. फोनमधली जागा मोकळी करायची म्हणून मीच ते त्या डिस्कवर हलवलं होतं, आणि दुसरी कॉपी केली नव्हती. आजी आदल्याच वर्षी गेली होती. इंजिनिअर घरातला मीच, त्यामुळे कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून घरी स्वतःचा स्टोरेज सर्व्हर करायचं ठरवलं. सुरुवात सगळे करतात तशीच केली: प्रोसेसर कुठला, रॅम किती, चार डिस्कचा डबा की सहाचा. महिनाभर रात्री जागून याद्या केल्या. एकदा सुट्टीला घरी आलो होतो तेव्हा बाबा म्हणाले, "काय करूलास रे एवढ्या रात्री?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू बेंगळुरूला. हे इथं बंद पडलं तर मी काय करायचं?"

यादी तिथेच फाडली. आधी मोजलं. चाळीस वर्षांचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, घराचे उतारे, कीर्दीचे स्कॅन, सगळं मिळून सातशे जीबीसुद्धा भरत नव्हतं. मग चार डिस्क कशाला? चार टीबीच्या दोन डिस्क, एकीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवर, म्हणजे मिरर. एक गेली तरी दुसरी एकटी वाचता येते. तयार डब्यात काही कंपन्यांची स्वतःची मांडणी असते आणि डबाच बिघडला तर त्यांच्याच डब्याची वाट बघावी लागते. मी साधं लिनक्स टाकलं. झेडएफएसचा मोह झाला होता, पण बाबांना कागदावर दोन ओळींत लिहून देता येईल असं पाहिजे होतं.

डिस्क घेताना मात्र घाई केली नाही. स्वस्त डिस्कमध्ये एसएमआर नावाची पद्धत असते. त्यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात, तसं थोडं काही बदललं तरी शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. रोजच्या वापरात हे कळत नाही. पण मररमधली एक डिस्क जाऊन नवी भरायची वेळ आली की ती इतकी रखडते की सर्व्हर तिलाच बिघडलेली समजू शकतो. २०२० साली तर खास अशा सर्व्हरसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, आणि कंपन्यांना मॉडेलवार माहिती द्यावी लागली. तेव्हा मॉडेल नंबर लिहून घ्या, कंपनीच्या साइटवर सीएमआर असल्याची खात्री करा, मगच पैसे द्या. मी दोन डिस्क दोन दुकानांतून, दोन महिन्यांच्या अंतराने घेतल्या. एकाच लॉटमधल्या असत्या तर एकदमच आजारी पडल्या असत्या, ही भीती.

प्रोसेसरवर फार वेळ घालवू नका. इंटेल एन१०० पुरतो. माझा सगळा सेट साधारण २५ वॉट घेतो, म्हणजे महिन्याला १८ युनिट. त्या बोर्डाला साटाची दोनच तोंडं आहेत, मला दोनच हवी होती. ईसीसी रॅम घेतली नाही. ती घ्यावी असं म्हणणाऱ्यांचं चूक नाही, पण तिला चालणारा बोर्ड धरून खर्च वाढत होता, आणि तेवढ्यात तिसरी डिस्क येत होती.

खरा पैसा यूपीएसवर घातला. घरी इन्व्हर्टर आहे, पण करंट गेल्यावर तो लागेपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. यूपीएस घेताना यूएसबीचं तोंड आहे का बघा. ते असेल तरच बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळतं आणि तो स्वतः नीट बंद होतो. जागेवरूनही वाद झाला. जिन्याखाली पावसाळ्यात भिंतीला ओल, माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी. शेवटी माजघरातल्या कपाटावर ठेवला. आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, तो काढायला लावला, हवा लागते.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. म्हणून ती तिसरी डिस्क माझ्याकडे बेंगळुरूला आहे. रोज रात्री नवं तेवढं तिच्यावर येतं, आणि पुसलेलं सहा महिने तसंच राहतं.

दिवाळीत परीक्षा घेतली. सर्व्हर बंद करून बाबांनी स्वतः एक डिस्क काढली, जुन्या लॅपटॉपला जोडली, कागद बघून दोन कमांड टाइप केल्या. कीर्दीचं पहिलं पान उघडलं. "हं," म्हणाले आणि चहा मागितला.

आत्याला आजीच्या तीन ओव्या येतात. त्या रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत. चौथी तिला अर्धीच आठवते, तीही ठेवली. आता मोडीतली दोन पुस्तकं वाचायची आहेत. आपल्या मंडळात कुणाच्या घरी मोडी वाचणारं मोठं माणूस असेल तर सांगा, मी पानं घेऊन येतो.