कोणाचे तरी पितर

आमच्या घरात पितरांची जागा एकच, अखजीची घागर. भिलाईत वैशाखाचं ऊन क्वार्टरच्या भिंतींतून आत झिरपतं. त्या दिवशी आई नव्या मातीच्या घागरीत पाणी भरायची, तोंडावर खरबूज ठेवायची. पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळी, कुरड्या आणि चिंचवणीचा द्रोण. निखाऱ्यावर तूप सोडत बाबा नावं घ्यायचे. बाप, आजा, पणजा. पुढे गाडी अडायची. पणज्याच्या बापाचं नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही जाळणारी माणसं. आज्याची राख पेंचेत गेली, बाबांची शिवनाथेत. मागे दगडसुद्धा उरला नाही.

म्हणून असेल कदाचित, पण करकाभाटला पहिल्यांदा गेलो तेव्हा मला त्या दगडांचा हेवाच वाटला.

बालोदहून धमतरीकडे जाताना हे गाव लागतं. दंतेश्वरी मैया सहकारी साखर कारखाना इथलाच, त्यामुळे हंगामात उसाच्या ट्रॉल्या. आणि माळावर दगड. काही उभे, काही कलंडलेले, काही नुसतेच ढिगारे. एक उभा दगड माझ्या छातीइतका होता. पश्चिमेच्या अंगाला ऊन खाऊन काळा पडलेला, सावलीच्या अंगाला करडी बुरशी, आणि बुडाशी गुरांनी अंग घासून घासून केलेला गुळगुळीत पट्टा. गुरांमागे आलेल्या राऊताला विचारलं, हे कोणाचं? तो म्हणाला, "कोनो के पुरखा होही गा." कोणाचे तरी पूर्वज असतील. एवढं बोलून तो गुरं वळवायला गेला.

हे लोहयुगातलं दफनस्थान आहे. पुरातत्त्वज्ञ अरुणकुमार शर्मा यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा दगडांखालून लोखंडाच्या वस्तूही निघाल्या. मेलेल्या माणसासोबत लोखंड पुरायचं म्हणजे ते किती मोलाचं असेल! आपण कोणाबरोबर काय पुरू? मोबाइल तर नक्कीच नाही. त्याचे हप्ते बाकी असतात.

मला तिथे बाबा आठवले. ते ब्लास्ट फर्नेसवर होते. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस 1959 साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. तिला लागणारं खनिज दल्ली-राजहऱ्याचं, म्हणजे याच बालोद जिल्ह्यातलं. बाबांचं गाव मात्र नागपूर जिल्ह्यात, पेंचेच्या काठी, नैकुंडच्या बाजूला. तिथे 1978 ते 80 या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी खोदकाम केलं, तेव्हा लोखंड गाळायची भट्टी सापडली. मातीच्या विटांची गोल भट्टी, हवा फुंकायच्या मातीच्या नळ्या आणि स्लॅग. वय साधारण सत्तावीसशे वर्षं. जवळपास शिळावर्तुळंही आहेतच. बाबा सुट्टीत गावी गेले की मुद्दाम तिकडे चक्कर मारत आणि परत आल्यावर सांगत, "आपल्याच खात्याची माणसं होती रे." आम्ही हसायचो.

करकाभाटच्या उन्हात हसू आलं नाही. पणज्याच्या बापाचं नाव न सांगू शकणाऱ्या मी या लोकांना परकं कशाच्या जोरावर म्हणायचं? त्यांचे माझे रक्ताचे धागे जुळवत बसण्यात मला रस नाही. तो उद्योग आपल्याकडे आधीच फार झालाय.

अडचण वेगळी आहे. दगडाला कामं पुष्कळ. शेताचा बांध, घराचा जोता, रस्त्याची खडी. वर्तुळातला एक दगड उचलला तर कोणाला कळतही नाही, दहा उचलले की ते वर्तुळ राहत नाही, नुसता माळ होतो. त्या माणसांची नावं कधीच गेली. जागा तेवढी उरली आहे, आणि दगड जागचा हलला की तीही जाते. नाव निदान अखजीला तोंडाने घेता येतं. जागा तोंडाने कशी घेणार?

आता घागर मी भरतो. नावं घेऊन झाल्यावर एक पळी तूप जास्तीचं सोडतो. नातवाने विचारलं, हे कोणासाठी? राऊताचंच उत्तर दिलं.

बालोदवरून जाणं झालं तर गाडी थांबवा. सावलीत बसा, डबा खा, फोटो काढा. दगड मात्र जागचा हलवू नका, आणि कोणी हलवताना दिसला तर दोन शब्द बोला.