उलटवलेली कॉलर

दिवाळीचे कपडे आम्हा भावंडांना गणपतीतच मिळायचे. बाबा मुंबईला गिरणीत साचेवाले. चतुर्थीच्या आधी एसटीने रत्नागिरीला उतरायचे आणि भाट्याची खाडी ओलांडून फणसोपच्या घरी पोचेपर्यंत खांद्यावरची वळकटी कुणाच्या हाती देत नसत. वळकटीत गिरणीचं कापड असे, सगळं एकाच ताग्यातलं. त्यामुळे माझा सदरा, धाकट्याचा सदरा, बहिणीचा परकर आणि उरलंच तर उशीचा अभ्रा, सारं एकाच निळ्या रेघांचं. शाळेत आमची नावं कुणी घेत नसे; आम्ही ‘रेघांची पोरं’.

आई शिवताना खाली चार बोटं दुमड ठेवायची. “आंग वाडतंय, कापाड काय वाडत नाय,” हे तिचं ठरलेलं वाक्य. दर जूनला दुमड उसवली जाई आणि विटक्या चड्डीच्या कडेला कोऱ्या रंगाचा पट्टा उघडा पडे. माझ्या उंचीची नोंद घरात कुठे असेल तर त्या पट्ट्यांत.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाबा शिमग्याला घरी आले ते परत गेलेच नाहीत. वाडीतल्या बहुतेक घरांत तेव्हा एकेक बाप असा अवेळी घरी बसलेला. मी दहा वर्षांचा. मनीऑर्डर बंद झाली म्हणजे काय झालं, हे मला कळत नव्हतं. बाबा पहिल्यांदाच दिवाळीला घरी असणार, एवढंच कळत होतं आणि त्या आनंदात मी वाडीभर उंडारत होतो.

त्या वर्षी वळकटी आली नाही. आश्विनात ऊन पडलं तेव्हा आईने बुरशीचा वास मारणारी ट्रंक अंगणात पालथी केली आणि बाबांच्या जुन्या विजारी निवडायला घेतल्या. विजार फाटते ती बुडाशी आणि गुडघ्यावर. गुडघ्याखालचं कापड जवळजवळ नवं राहतं. दोन पायांचे ते दोन तुकडे उलटे केले की आतली न विटलेली बाजू वर येते आणि दहा वर्षांच्या पोराची चड्डी आरामात निघते. सदऱ्याची कॉलर मानेशी झिजली की ती उसवायची, उलटवायची, पुन्हा बसवायची. दोरासुद्धा विकतचा नाही. साखरेच्या पोत्याची शिवण सोडवून गुंडाळलेला. काजं ती हाताने करी, इतकी घट्ट की सदरा विरला तरी काज शाबूत.

धाकट्याच्या सदऱ्यात मात्र गोची झाली. बाबांच्या शर्टाचा खिसा उसवला तिथे गडद चौकोन राहिला, आणि तो नेमका त्याच्या पोटावर आला. दिवाळीभर तो पोटावर हात ठेवून फिरला. पाहुण्यांना वाटे, पोराने फराळ जास्त हाणला.

फराळ तरी कसला! तेल, रवा, साखर, सगळंच उधारीवर. पण हळवं भात घरात आलेलं होतं. ते भिजवून, भाजून आई आणि आजी वायनात मुसळाने कांडत. तांबूस, जाडसर पोहे निघत. नरकचतुर्दशीला तुळशीपुढे कारीट फोडून आत आलो की ताटात गूळ-खोबऱ्याचे, दुधातले आणि फोडणीचे असे तीन तऱ्हांचे पोहे. शिवाय परड्यातल्या शेवटच्या तवशाचं धोंडस. तवसं किसायचं, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालायचं, पातेल्याखाली मंद जाळ आणि झाकणावर निखारे. बुडाची खरवड कुणाची यावरून आम्ही हातघाईवर यायचो. हल्ली गरिबीत गोडी होती म्हणणारे भेटतात, त्यांचा मला राग येतो. गोडी धोंडसात होती.

आकाशकंदील बाबांनी केला. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आणि चिकटवायला भाताची शितं. रात्री मुंग्यांनी कागदाची एक बाजू कुरतडली, तिथे आईने निळ्या रेघांची चिंधी लावली.

पुढे एका थंडीच्या तोंडावर आजीचं विरलेलं लुगडं आणि ट्रंकेतली उरलीसुरली कापटं घेऊन आई गोधडीला बसली. बाबा खांबाला टेकून. त्यांना हातशिलाई येत नव्हती. पण साच्यावर सूत तुटलं की क्षणात जोडायचं, हे हात त्यांनी वर्षानुवर्षं कमावलेले. पोत्याचा दोरा जुनाच, दर वीतभर तुटे. आई टाका न थांबवता दोन्ही टोकं त्यांच्याकडे सरकवी. ते खाली न बघताच गाठ मारत, आणि ती गाठ सुईच्या मागोमाग कापडातून निघून जाई.

ती गोधडी माझ्याकडे आहे. परवा उन्हात घातली तेव्हा चष्मा लावून बसलो होतो. निळ्या रेघा सापडल्या, पोटावरचा चौकोनही सापडला. बाबांची एकही गाठ हाताला लागली नाही.