समुद्रावरची खोली

बोटीच्या सफरीत साधी खोली घ्यावी की ‘छोटा सूट’, हा प्रश्न राजेश्वरसारख्या गावी पडावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमचे गाव सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे. एका अंगाला बसवकल्याण, दुसऱ्या अंगाला हुमनाबाद. येथे पाणी म्हटले की विहीर आणि बोअर. ज्यांचे सोयरे भालकीकडे आहेत, त्यांना फार तर मांजरा नदी आणि कारंजाचे धरण. घरात मराठी, बाजारात कन्नड, बसमध्ये दखनी अशा तीन बोलींत आमचा दिवस जातो; पण तिन्हींत मिळून समुद्राचा विषय वर्षातून एकदाही निघत नाही. तरी गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

कारण होते आमच्या सासूबाई. आमच्या भागातल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. वय ब्याऐंशी. दोन्ही गुडघे गेलेले, आणि हृदयाची तक्रार असल्याने डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला स्पष्ट नकार दिलेला. रामेश्वराला नेऊन आणण्याचे मामंजींनी कबूल केले होते, ते राहून गेले. आणि मामंजीही गेले. आत्याबाईंनी ती गोष्ट कधी बोलून दाखवली नाही. फक्त एकदा, नातू मोबाइलवर गोव्याची छायाचित्रे दाखवीत होता तेव्हा, “ह्याचा आवाज येतो का रे?” एवढेच विचारले.

समुद्र दाखवायचा तर किनाऱ्यावर न्यावे, बोट कशाला, असे कोणीही म्हणेल. आम्हीही आधी तोच विचार केला. पण चाकाची खुर्ची वाळूत रुतते, आणि मोटारीच्या काचेतून दिसणारा समुद्र म्हणजे दूरदर्शनवरचाच समुद्र. चौकशी करता करता मुंबई-गोवा-मुंबई अशा तीन रात्रींच्या सफरीची माहिती हाती आली. मुंबईहून अशा सफरी आता नव्या राहिलेल्या नाहीत. 2018 साली ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई-गोवा मार्गावर आली. 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ सुरू झाली. ही मूळची 1990 सालची ‘नॉर्डिक एम्प्रेस’, फ्रान्समध्ये बांधलेली, सुमारे 211 मीटर लांब. म्हणजे आमच्या गावची वेशीपासून देवळापर्यंतची आळी उचलून पाण्यावर ठेवावी, तसा प्रकार.

आता खोल्यांविषयी. बोटीवर ढोबळमानाने चार प्रतीच्या खोल्या असतात. बोटीच्या पोटातली, खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त. तिच्यावर खिडकीची, पण ती खिडकी उघडत नाही. मग सज्जा असलेल्या खोल्या आणि छोटा सूट, ज्याला कंपन्या मिनी सूट किंवा ज्युनियर सूट म्हणतात. आणि सर्वांत वर मोठे सूट. आमच्या भाऊजींना ‘सूट’ म्हणजे भाड्यातली सवलत वाटली होती. ती सवलत नसून उलट जादा भाडे आहे हे कळल्यावर त्यांचा विरोध दुप्पट झाला, आणि तो अगदीच गैरवाजवी होता असे आम्ही म्हणणार नाही.

छोटा सूट या नावात थोडी फसगत आहे, ती आधी सांगतो. सूट म्हटले की निजायची खोली वेगळी आणि बैठकीची वेगळी, अशी अपेक्षा असते. बहुतेक बोटींवरच्या छोट्या सुटात तसे नसते. खोली एकच, पण लांबीला जास्त. पलंगाच्या पुढे एक कोच, एक मेज, आणि त्यापुढे काचेचे दार व सज्जा. कोच उलगडला की तिसऱ्या माणसाचे अंथरूण होते. एका दलालाने आम्हांला फोनवर सांगितले की सूट घेतला की खास नोकर, वेगळे जेवणघर, सगळे आलेच. तसे मुळीच नसते. ते मान बहुधा मोठ्या सुटांचे. छोट्या सुटाला त्यांतले एखाद-दुसरे मिळाले तर मिळाले. परदेशी कंपन्यांतही हाच भेद आहे. अमेरिकेत असलेल्या आमच्या भाच्याने कळवले की रॉयल कॅरिबियनच्या बोटींवर ज्युनियर सूट घेणाऱ्यास नेहमीच्या प्रवाशाचे गुण दुप्पट मिळतात. जे दरवर्षी बोटीने हिंडतात, त्यांना त्याचे मोल. आमच्यासारख्या जन्मात एकदा जाणाऱ्यांनी ते गुण काय चाटावयाचे?

भाऊजींनी हिशेब तुरीत मांडला. आमच्या बीदर-कलबुर्गी पट्ट्यात कुठलाही खर्च शेवटी तुरीतच मोजला जातो. 2025-26 साठी केंद्राने तुरीचा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये ठरवला. बाजारात तेवढा मिळतोच असे नाही, पण हिशेबाला बरा. एका आतल्या खोलीशी तुलना केली, तर छोट्या सुटाचा आम्हां तिघांना पडणारा जादा खर्च जवळजवळ सहा क्विंटलांचा होता. “सहा क्विंटल तूर म्हणजे एका सज्जाचं भाडं!” असे म्हणून भाऊजींनी पंचा झटकला. पण ही तुलनाच आम्हांला बरोबर वाटेना. आतल्या खोलीत तिघे जायचे, तर तिसरा पलंग भिंतीतून खाली येणारा, वरचा. त्यावर शिडीने चढायचे कोणी? आत्याबाई तर नाहीतच. आम्ही नवराबायकोही साठी ओलांडलेले. म्हणजे खोल्या दोन घ्याव्या लागल्या असत्या. आणि बोटीचे भाडे माणशी असले, तरी ते दोघे राहतील असे धरून आकारतात. एका खोलीत एकटाच राहिला तर त्याला जादा भरावे लागते. उलट एकाच खोलीतल्या तिसऱ्या माणसाला बहुधा कमी दर लागतो. खिडकीच्या दोन खोल्या आणि एक छोटा सूट यांतला फरक काढला, तर तो दीड क्विंटलाच्या आत आला. शिवाय दोन खोल्या घेऊन रात्री आत्याबाईंजवळ कोण, हा प्रश्न राहिलाच असता.

भाऊजींचा दुसरा आक्षेप पैशांचा नव्हता. “रामदासचं काय झालं, ठाऊक आहे ना?” असे ते एका रात्री जेवताना म्हणाले, आणि पानावर शांतता पसरली. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेंहून अधिक माणसे गेली. मराठी घरांत ते नाव अजून दबल्या आवाजात घेतात, समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आमच्या घरातसुद्धा. त्यावर आम्ही एवढेच सांगू शकलो की ती भर पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही जाणार पौषात, जेव्हा अरबी समुद्र शांत असतो. आणि आता नियमच असा आहे की बोट निघण्यापूर्वी, किंवा निघताक्षणी, प्रत्येक प्रवाशाकडून संकटकाळाची तालीम करून घ्यावी लागते. 2012 साली इटलीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ उलटली, त्यानंतर तो 2015 पासून कडक झाला. त्या तालमीला आतली खोली आणि सूट असा भेद नसतो. वाद आत्याबाईंनीच मिटवला. पोस्टातले पैसे त्यांचे स्वतःचे होते. “गुडघ्याला लावायचे होते, डॉक्टर नको म्हणाला. आता कशाला लावू, सरणाला?” असे त्या म्हणाल्या. त्यानंतर भाऊजी स्वतःच सोलापूरपर्यंत पोचवायला आले.

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई. बंदरावर चाकाच्या खुर्चीची सोय आधी कळवून ठेवली होती, म्हणून चढणे सुकर झाले. ज्यांना आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना न्यायचे आहे, त्यांनी सुटाच्या थाटापेक्षा तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. न्हाणीघराला उंबरठा किती उंच आहे? बोटीवर पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो असतोच. न्हाणीत टब आहे की नुसता फवारा? वरच्या प्रतीच्या खोल्यांत मोठेपणा म्हणून टब देतात, आणि गुडघे गेलेल्या माणसाला त्याचा काठ ओलांडणे म्हणजे डोंगर. आणि सज्जाच्या दाराला पट्टी किती उंच आहे? आमच्या खोलीत फवारा होता, पण सज्जाची पट्टी चार बोटे वर होती. रोज खुर्ची उचलून पलीकडे ठेवावी लागे. खोली बोटीच्या मध्याजवळ असेल तर हेलकावे कमी. पुढच्या वा मागच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर ते जास्त जाणवतात. सूट बहुधा वरच असतात, तेव्हा ज्यांना बस लागते त्यांनी विचार करावा.

आणखी एक गोष्ट दलाल सांगत नाहीत, ती म्हणजे बाजू. मुंबईहून गोव्याकडे बोट दक्षिणेला जाते. म्हणजे जाताना डावी बाजू कोकणाकडे, उजवी मोकळ्या समुद्राकडे, येताना उलट. डाव्या बाजूची खोली घेतली, तर जाताना सह्याद्रीच्या अंगाने उगवणारा सूर्य आणि परतताना समुद्रात बुडणारा सूर्य, दोन्ही आपल्या सज्जातून दिसतात. ‘पॉश’ हा शब्द विलायतेहून हिंदुस्थानात येताना डावी आणि परतताना उजवी बाजू मागणाऱ्या साहेबांच्या तिकिटांवरून आला, अशी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. शब्दांचे अभ्यासक ती दंतकथाच मानतात. पण बाजूचा विचार काही दंतकथा नव्हे. आम्ही डावी मागून घेतली.

आमच्या थोरल्या वन्सं रत्नागिरीला दिलेल्या. त्यांच्या तोंडून जुन्या कोकण बोटींच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे त्या काळी घरोघर होती. भाऊच्या धक्क्यावर लवकर पोचायचे, सतरंजी टाकून डेकवर जागा धरायची, ट्रंक उशाला आणि पोरे मध्ये, आणि रात्रभर वारा खायचा. केबिनवाले वर, त्यांच्याकडे कोणी पाहायचेही नाही. वन्संचे म्हणणे, समुद्र खरा डेकवाल्यांनाच दिसला. त्यांत तथ्य आहे, आणि आजच्या बोटीवर तर ते अधिकच खरे आहे. जेवणघर एकच, तरणतलाव एकच, गाणी-नाच सगळ्यांना सारखेच, आणि वरचा उघडा डेक आतल्या खोलीवाल्यालाही चोवीस तास मोकळा. ज्याचे पाय धड आहेत, त्याला निजण्यापुरती खोली लागते. त्याने सज्जासाठी पैसे का मोजावेत, हे आम्हांला बोटीवर तीन दिवस राहूनही कळलेले नाही.

पण आत्याबाईंचे जग त्या सज्जाएवढेच होते. पहिल्या रात्री त्या एकदाच जेवणघरात आल्या. तेथली रोषणाई, गोंगाट आणि पन्नास पदार्थ पाहून, “लग्न कुणाचं आहे गं?” असे त्यांनी विचारले, आणि दुसऱ्या दिवसापासून वरण-भात खोलीतच मागवू लागल्या. पहाटे चारला जाग येते, ती त्यांची जन्माची सवय. खुर्ची सज्जात ठेवून, शाल गुंडाळून आम्ही दोघी बसलो. अंधारात पाणी दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता. मोबाइलमध्ये जो येत नाही, तो. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. फटफटले तसा राखाडी रंग उघडू लागला. “मांजरेला पूर आला की असंच दिसतं. पण तिचा पलीकडचा काठ असतो,” असे त्या म्हणाल्या. मग बोट कोठे चालली ते विचारले. गोव्याला म्हटल्यावर, “आणि रामेश्वर?” असा दुसरा प्रश्न. ह्याच पाण्याने खाली खाली गेले की कन्याकुमारी येते, तिला वळसा घातला की रामेश्वर, असे आम्ही सांगितले. त्यांनी हात जोडले. समुद्राला की मामंजींना, ते आम्ही विचारले नाही.

गोव्यात आम्ही उतरलोच नाही. मुरगाव बंदरात बोट रिकामी झाली, आणि आत्याबाईंनी दिवसभर सज्जातून खालची धांदल पाहिली. खोली आवरणारा मुलगा सावंतवाडीकडचा निघाला; तो त्यांना आजी म्हणू लागला आणि दर खेपेला खुर्ची पट्टीवरून उचलून देऊ लागला. हे मात्र सुटाच्या भाड्यात धरलेले नव्हते. परतीच्या संध्याकाळी सूर्य बुडताना त्यांना झोप लागली होती. आम्ही उठवले नाही.

गावी आल्यावर आठवडाभर शेजारणींची रीघ लागली. आत्याबाई सर्वांना न्हाणीघराचे वर्णन आधी सांगतात, समुद्राचे नंतर. पुढच्या हिवाळ्यात भाऊजी आणि जाऊबाई जायचे म्हणतात. त्यांनी आतली खोली ठरवली आहे. दोघांचेही गुडघे ठणठणीत आहेत.